पेनी ब्लॅक, पेनी रेड आणि ‘७७’ : प्लेट कशी ओळखायची?

तुम्ही आजोबांच्या अल्बममधल्या तीन ब्रिटिश तिकिटांचे फोटो पाठवलेत. एक काळं, म्हणजे पेनी ब्लॅक, १८४० चं जगातलं पहिलं टपाल तिकीट, त्यावर लाल रंगाचा फुलीसारखा शिक्का. दुसरं लालसर तपकिरी, म्हणजे त्याच्यानंतरचं पेनी रेड, चारही कडा कात्रीने कापलेल्या. तिसरंही लाल, पण छिद्रांच्या कडांचं, चारही कोपऱ्यांत अक्षरं असलेलं. त्याच्या बाजूच्या नक्षीत तुम्हाला ‘७७’ दिसतो आहे. तुमचे प्रश्न दोन आहेत: ही तिकिटं कोणत्या प्लेटची, म्हणजे छपाईच्या कोणत्या पोलादी पत्र्याची, आहेत हे कसं ओळखायचं, आणि तिसरं तिकीट ते प्रसिद्ध ‘७७’, म्हणजे ७७ व्या प्लेटचं अतिदुर्मीळ तिकीट, आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘नाही’ असं आहे. त्याची कारणं पुढे देतो, पण आधी पहिला प्रश्न घेऊ. खरी मौज तिथे आहे, आणि तो समजला की दुसऱ्याचं उत्तर तुमचं तुम्हालाच काढता येईल.

बहुतेक नवे संग्राहक भिंग घेऊन सरळ दोष शोधायला बसतात. कुठे रेघ दुहेरी दिसते, कुठे ठिपका आहे, कुठे अक्षर तुटलंय. माझा आग्रह याच्या उलट असतो. आधी प्लेट कशी तयार होत होती ते डोळ्यांपुढे आणा. तिकिटावरची प्रत्येक खूण त्या कामाच्या कुठल्या तरी एका टप्प्यावर पडलेली असते. टप्पा कळला की खुणेची किंमत कळते.

लंडनच्या पर्किन्स, बेकन या कारखान्याची पद्धत अशी होती. राणी व्हिक्टोरियाचं चित्र आधी पोलादाच्या एका लहान तुकड्यावर उलटं कोरलं. हा मूळ ठसा, म्हणजे डाय. हे कोरीवकाम चार्ल्स हीथ आणि त्याचा मुलगा फ्रेडरिक यांचं. डाय तापवून कडक केली आणि तिच्यावर मऊ पोलादाचा रोलर प्रचंड दाबाखाली फिरवला, म्हणजे चित्र रोलरवर उठून आलं. मग रोलर कडक केला आणि मऊ पोलादी प्लेटवर तो पुन्हा पुन्हा दाबला. एका प्लेटवर २४० वेळा: वीस ओळी, प्रत्येक ओळीत बारा तिकिटं. तेव्हाच्या हिशेबात २४० पेन्स म्हणजे एक पौंड, म्हणून एका पूर्ण शीटची किंमत बरोबर एक पौंड. इथपर्यंत सगळं यंत्राचं काम, त्यामुळे २४० चित्रं एकमेकांसारखी.

पण खालच्या दोन कोपऱ्यांतले चौकोन डायमध्ये रिकामे ठेवले होते. त्यांतली अक्षरं प्लेटवर नंतर कारागिराने हाताने ठोकली, एका हातात अक्षराचा पोलादी ठसा आणि दुसऱ्या हातात हातोडी घेऊन. तिकिटामागे दोन, म्हणजे एका प्लेटवर ४८० घाव. पेणच्या गणपतीच्या मूर्ती एकाच साच्यातून निघतात, पण डोळ्यांची आखणी हाताने होते, म्हणून जाणकाराला दोन मूर्ती वेगळ्या ओळखता येतात, इथेही तसंच. एखादं अक्षर चौकोनाच्या डाव्या भिंतीला टेकलेलं, एखादं वर सरकलेलं, एखादं किंचित कललेलं. कारागिराला काटेकोर राहण्याची गरज नव्हती, आणि त्याच्या हाताच्या त्या बारीक फरकांवरच आज प्लेट ओळखण्याचं जवळजवळ सगळं शास्त्र उभं आहे.

आता अक्षरं काय सांगतात ते पाहा. खालच्या डाव्या कोपऱ्यातलं अक्षर ओळ सांगतं, ए पासून टी पर्यंत. उजव्या कोपऱ्यातलं अक्षर त्या ओळीतली जागा सांगतं, ए पासून एल पर्यंत. शीटमधलं पहिलं तिकीट ए ए, शेवटचं टी एल. तुमच्या काळ्या तिकिटावर मला एन एफ दिसतं, म्हणजे चौदाव्या ओळीतलं सहावं तिकीट. एवढी माहिती अक्षरांतून थेट मिळते. प्लेटचा क्रमांक मात्र यात कुठेच नाही, कारण प्रत्येक प्लेटवर एन एफ एकदा असतोच.

यातच सगळ्या कामाची किल्ली आहे. पेनी ब्लॅक सुमारे ६ कोटी ८० लाख छापली गेली, आणि हा आकडा ऐकून माणूस घाबरतो. पण ती सगळी अवघ्या अकरा प्लेटांवरून छापली. त्यामुळे जगात एन एफ तिकिटं कितीही असली, तरी त्यांचे प्रकार अकराच. पहिल्या प्लेटच्या दोन अवस्था वेगळ्या धरल्या तर बारा. अक्षरं नीट वाचताक्षणी ६ कोटींचा प्रश्न बारा पर्यायांवर येतो.

दोन अवस्था का? पहिली प्लेट घाईत, कडक न करताच छपाईला घेतली होती. मऊ पोलाद भराभर झिजलं. मग तीच प्लेट काढून तिच्यावरची बरीच चित्रं रोलरने पुन्हा दाबली, प्लेट कडक केली आणि परत यंत्रावर चढवली. संग्राहक आधीच्या अवस्थेला १ए आणि नंतरच्या अवस्थेला १बी म्हणतात. अक्षरं तीच, त्यांच्या जागा त्याच, पण चित्राच्या रेघांचा ताजेपणा वेगळा, आणि काही ठिकाणी जुन्या आणि नव्या चित्रांच्या रेघा तंतोतंत न जुळल्याने दुहेरी झालेल्या. याला री-एन्ट्री म्हणतात. ‘पोस्टेज’ आणि ‘वन पेनी’ या शब्दांत आणि कोपऱ्यांच्या चौकोनांत ती आधी शोधावी, कारण तिथे पांढरी जागा मोकळी असते आणि जादा रेघ लपत नाही.

आता प्रत्यक्ष जुळणी. मी चौकोनाकडे नकाशासारखं पाहतो: वर उत्तर, खाली दक्षिण. आधी डावं अक्षर. ते मध्यभागी आहे की ईशान्येला सरकलंय? तळ चौकोनाच्या खालच्या रेघेला टेकतो का? अक्षर उभं आहे की कललेलं? हे कागदावर लिहून काढतो. मग तसंच उजवं अक्षर. त्यानंतरच संदर्भाचे फोटो उघडतो, आधी नाही. आधी उघडले की आपल्याला हवं ते दिसायला लागतं. बारा पर्यायांपैकी डाव्या अक्षरावरच बहुतेक वेळा सात-आठ बाद होतात, उजव्यावर आणखी दोन-तीन. उरलेल्यांत निकाल लावायला तिसरी खूण लागते.

ती तिसरी खूण अनेकदा आखणीच्या रेघांतून मिळते. रोलर कुठे दाबायचा हे कळावं म्हणून प्लेटवर बारीक उभ्या-आडव्या रेघा आणि ठिपके आखत. नंतर ते पुसायचे, पण सगळे पुसले जात नसत. एखाद्या तिकिटाच्या कडेला किंवा अक्षराच्या चौकोनातून जाणारी केसासारखी रेघ म्हणजे बहुधा हीच. ती त्या प्लेटवर त्या जागी कायम असते, म्हणून मोलाची. मला स्वतःला री-एन्ट्रीपेक्षाही या रेघांवर जास्त भरवसा वाटतो, कारण री-एन्ट्री शाई कमी-जास्त झाल्यावर फसवू शकते, रेघ सहसा फसवत नाही.

रोलरमधले दोष वेगळ्या जातीचे. रोलरचा एखादा बारीक कण उडाला की त्यानंतर दाबलेल्या प्रत्येक चित्रात तो दोष उतरतो, एकाच रोलरने केलेल्या अनेक प्लेटांवरही. अशा खुणेने एक प्लेट ठरत नाही, पण प्लेटांचा एक गट बाजूला काढता येतो. नवे लोक इथेच गोंधळतात: तोच दोष दोन तिकिटांवर दिसला की दोन्ही एकाच प्लेटची असं धरून चालतात.

आणि तिसरी जात छपाईतल्या अपघातांची. शाई जास्त भरली, नीट पुसली गेली नाही, कागदाला सुरकुती पडली, मध्ये धूळ आली. ही खूण त्या एका प्रतीपुरती. ती कितीही ठळक असली तरी प्लेटबद्दल काही सांगत नाही. खूण कायमची आहे असं म्हणायचं तर त्याच अक्षरांच्या, त्याच प्लेटच्या दुसऱ्या प्रतीवर ती दिसली पाहिजे. दुसरी प्रत मिळेपर्यंत खूण नोंदवून ठेवा, नाव देऊ नका.

मोजमापाबद्दल एक स्पष्ट सांगतो, कारण अनेक जण पट्टी घेऊन बसतात. ही छपाई ओलसर कागदावर होत असे आणि कागद वाळताना आकसे, दोन दिशांना सारखा नाही. म्हणून एकाच प्लेटची दोन तिकिटं मिलिमीटरच्या अंशांत वेगळी भरू शकतात. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो तो वेगळाच. लांबी-रुंदीवरून प्लेट ठरवू नका. चौकोनाच्या आतल्या अक्षराची सापेक्ष जागाच पाहा.

तुमचं दुसरं तिकीट, कापलेल्या कडांचं लाल. काळ्या तिकिटावरचा लाल शिक्का पुसून तिकीट परत वापरता येईल ही भीती होती, म्हणून १८४१ च्या सुरुवातीपासून तिकीट लाल केलं आणि शिक्का काळा. प्लेटा मात्र लगेच बदलल्या नाहीत. १बी, २, ५, ८, ९, १० आणि ११ या प्लेटांवरून काळी आणि लाल दोन्ही तिकिटं छापली गेली. एकाच प्लेटवरचं, एकाच अक्षरांचं काळं आणि लाल तिकीट शेजारी लावणं हा संग्राहकांचा फार जुना छंद आहे आणि माझाही. अकरावी प्लेट तर मुख्यतः लालसाठीच होती, काळ्या रंगात तिच्यावरून थोडीच शीट निघाली, म्हणून ती सर्वांत दुर्मीळ.

लाल तिकिटांत काम अवघड होतं, कारण प्लेटांची संख्या वाढते. इथे पहिली चाळणी अक्षरांच्या वळणाची. १८५२ पर्यंतच्या प्लेटांवर, म्हणजे १३१ व्या प्लेटपर्यंत, लहान आणि नाजूक अक्षरं आहेत. त्यानंतर ठसे बदलले आणि अक्षरं मोठी, ठसठशीत झाली. तुमच्या फोटोत अक्षरं लहान वाटतात, म्हणजे पर्याय सव्वाशेच्या आसपास. भीती वाटण्यासारखा आकडा नाही, पण एका संध्याकाळचं काम नव्हे.

त्याआधी ते खरंच बिनछिद्राचं आहे का हे पाहा. छिद्रं १८५४ पासून आली, आधी १६ मापाची (म्हणजे दोन सेंटीमीटरांत १६ छिद्रं), १८५५ पासून १४ मापाची. छिद्रांच्या कडा कापून ‘बिनछिद्राचं’ म्हणून विकलेली तिकिटं बाजारात भरपूर आहेत. शेजारच्या तिकिटाची कड मार्जिनमध्ये दिसत असेल तर ते खरंच बिनछिद्राचं असल्याची जवळजवळ खात्री. ती नसेल तर चेहरा पाहा: १८५५ मध्ये विल्यम हम्फ्रिसने मूळ डायवरून घेतलेल्या प्रतीच्या रेघा खोल केल्या. त्या दुसऱ्या डायमध्ये डोळ्याभोवतीची आणि नाकाची छटा गडद आहे. ही डाय दिसली, किंवा मागे मोठ्या मुकुटाचा वॉटरमार्क (कागदातच उमटवलेली, उजेडात दिसणारी खूण) दिसला, तर कडा कापलेल्या आहेत हे जवळजवळ नक्की समजा. बिनछिद्राच्या तिकिटांचा मुकुट लहान.

अक्षरं वाचताना घाई नको. सी आणि जी, ओ आणि क्यू, ई आणि एफ, आय आणि जे हे झिजलेल्या प्लेटवर सहज बदलतात. एस उलटा ठोकलेला असू शकतो, आणि तो पटकन लक्षात येत नाही, कारण एस उलटा केला तरी एसच दिसतो; फक्त लहान फुगवटा खाली जातो. कधी अक्षर चुकलं म्हणून त्यावरच दुसरं ठोकलंय, पी चा आर केलाय. हे सगळे कॅटलॉगमध्ये नोंदलेले प्रकार आहेत. आणि एक साधी कसोटी: पेनीच्या तिकिटावर उजव्या खालच्या कोपऱ्यात एल च्या पुढचं अक्षर असूच शकत नाही. दिसलं तर तुम्ही चुकीचं वाचताय.

या कसोटीचं सर्वांत सुंदर उदाहरण पेनीचं नाही, १८७० च्या दीड पेनीच्या तिकिटाचं आहे. त्या काळात चारही कोपऱ्यांत अक्षरं होती, आणि वरची जोडी म्हणजे खालच्या जोडीची उलट, म्हणजे दोन वापरलेल्या तिकिटांचे स्वच्छ तुकडे जोडून कोणी एक नवं तिकीट बनवू नये. खाली पी सी असेल तर वर सी पी हवं. पहिल्या प्लेटवर एका तिकिटाला खाली पी सी बरोबर आहे, वर मात्र ओ पी. ओ हे जागेचं अक्षर असूच शकत नाही, म्हणून ही कारागिराची चूक, शंका न उरता. किती जणांच्या हातून हे तिकीट साधं म्हणून गेलं असेल!

आता तुमचं तिसरं, आणि तुमची खरी उत्सुकता. १८६४ पासूनच्या चार अक्षरांच्या पेनी तिकिटात प्लेटचा क्रमांक चित्रातच घातला, डाव्या आणि उजव्या बाजूच्या नक्षीत, अगदी बारीक आणि आडवा वळवून. म्हणजे इथे अक्षरांच्या जागा मोजायची गरजच नाही, आकडा वाचला की झालं. क्रमांक ७१ पासून २२५ पर्यंत जातात, मधले काही कधी वापरलेच नाहीत. ७७ व्या प्लेटवर चित्रांची मांडणी छिद्रांशी नीट जुळेना म्हणून ती नाकारली. तरी काही तिकिटं बाहेर पडली. आज हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच माहीत आहेत, त्यांतलं एक ब्रिटिश लायब्ररीच्या टॅपलिंग संग्रहात आहे.

आणि १७७ वी प्लेट? ती अगदी सर्वसाधारण. तिच्या तिकिटातला पहिला १ शिक्क्याच्या शाईखाली गेला, झिजला किंवा कोणी मुद्दाम खरवडला, की ७७ उरतो. तुमच्या फोटोत डाव्या बाजूला शिक्क्याची जाड रेघ नेमकी ७७ च्या आधीच्या जागेवरून गेली आहे, आणि उजवी बाजू अंधूक आहे. म्हणून मी सुरुवातीलाच ‘बहुधा नाही’ म्हटलं. तुम्ही असं करा. दहापट भिंग घ्या, उजेड एका बाजूने तिरका पाडा, आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचा. एका बाजूला १ दिसला तरी प्रश्न मिटला. दोन्ही बाजूंना दिसत नसेल तर त्या जागी कागदाचा पृष्ठभाग खरबरीत आहे का पाहा. ही छपाई खोलगट रेघांतून होत असल्याने शाई कागदावर किंचित उठून असते, आणि खरवडलेल्या जागी तो उठाव आणि कागदाची सफाई दोन्ही जातात. शिक्क्यात वर्ष वाचता आलं तर आणखी सोपं. ७७ वी प्लेट १८६४ च्या मालिकेच्या अगदी सुरुवातीची, १७७ वी १८७० नंतरच्या दशकातली. शिक्का १८७५ च्या आसपासचा निघाला तर आशा सोडून द्या.

एक गोंधळ आणखी टाळा. पेनी रेडमध्ये ‘प्लेट ७७’ दोन वेगवेगळ्या आहेत. जुन्या, बिनछिद्राच्या मालिकेतही ७७ वी प्लेट होती, आणि तीही प्रसिद्ध, अगदी वेगळ्या कारणाने: तिच्या दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या तिकिटावर बी ठोकला आणि ए ठोकायचा राहूनच गेला. उजवा चौकोन कोरा. संग्राहक त्याला ‘बी ब्लँक’ म्हणतात. दुसऱ्या डायच्या वेळी क्रमांक पुन्हा १ पासून सुरू केले, म्हणून ही पुनरावृत्ती. लिलावाच्या यादीत नुसतं ‘प्लेट ७७’ वाचलं तर कुठली, हे आधी विचारा.

पत्रात तुम्ही भारताच्या १८५४ च्या अर्धा आणा निळ्या तिकिटालाही हीच रीत लागू होते का असं विचारलंय. नाही. ती कलकत्त्याच्या सर्व्हे ऑफिसमध्ये कॅप्टन थ्युलियर यांच्या देखरेखीखाली दगडावरून छापली, पोलादी प्लेटवरून नव्हे. शीट ९६ तिकिटांचं, कोपऱ्यात अक्षरं नाहीत. चित्र कागदावरून दगडावर उतरवताना प्रत्येक वेळी रेघा तुटत, पसरत, आणि ओळख त्या तुटण्यावरून होते. तिथे डाय आधी ठरवायची, मग जागा. तो पूर्ण वेगळा अभ्यास आहे, आणि आपल्यासाठी जास्त जवळचा. त्यावर वेगळं लिहायला मला मनापासून आवडेल.

पुढची पावलं अशी. तिन्ही तिकिटं १२०० डीपीआयवर स्कॅन करा, मोबाइलच्या फोटोत अक्षरांच्या जागा वाकड्या येतात. काहीही धुऊ नका, पुसू नका. एखादं तिकीट पाकिटावरच असेल तर तसंच राहू द्या. तारखेचा शिक्का प्लेटचे निम्मे पर्याय गाळतो, कारण प्लेट यंत्रावर चढण्याआधीची तारीख तिच्या तिकिटावर येऊ शकत नाही. काळ्यापासून सुरुवात करा, बाराच पर्याय आहेत आणि हात बसतो. जुळणी करताना शक्यतो मूळ नोंदणी शीटचे फोटो वापरा. प्लेट मंजूर करताना काढलेली ही पहिली शीट लंडनच्या पोस्टल म्युझियममध्ये जपलेली आहेत आणि त्यांवर शिक्का नसल्याने प्रत्येक चौकोन स्वच्छ दिसतो. तुमचं उत्तर पक्कं वाटलं आणि प्लेट दुर्मीळ निघाली, तरच लंडनच्या रॉयल फिलॅटेलिक सोसायटीकडे प्रमाणपत्रासाठी पाठवण्याचा खर्च करा. साध्या प्लेटसाठी तो तिकिटाच्या किमतीपेक्षा जास्त होईल. एन एफ च्या दोन्ही अक्षरांचं वर्णन लिहून मला पाठवा, संदर्भ फोटो न पाहता लिहिलेलं. मी माझं वेगळं लिहून ठेवतो, मग दोन्ही ताडून पाहू.